आगरकरांचा दमा

१७ जून ही गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यतिथी. समाजसुधारक, ‘केसरी’चे पहिले संपादक, ‘सुधारक’चे संस्थापक, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य अशी त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना असते. ते गेले तेव्हा वयाची ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती, हेही अनेकांना ठाऊक असते. पण कशाने गेले, असे विचारले की बहुतेक जण अडखळतात. आगरकर आयुष्यभर दमेकरी होते. त्यांच्या चरित्रांत मृत्यूचे कारण म्हणून दमाच येतो.

आरोग्याच्या सदरात त्यांच्यावर लिहिण्याचे हे एक कारण. दुसरे कारण तारखेतच आहे. जूनचा तिसरा आठवडा म्हणजे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पाऊस जोर धरू लागण्याचे दिवस. भाताची रोपे वर आलेली असतात, बाहेरची चूल घरात आलेली असते, लाकडे ओली असतात आणि कारवीच्या कुडाच्या घरात धुराला बाहेर पडायला वाट नसते. पुढचे दोन-तीन महिने आपल्याकडे फ्लूचे. धडधाकट माणसाला तो चार-पाच दिवस झोपवतो आणि सोडून देतो. ज्याची छाती आधीच अधू आहे, त्याला तो इतक्या सहज सोडत नाही.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी. कऱ्हाडला मामांकडे राहून थोडे शिक्षण झाले. पुढे शिकायला म्हणून हा मुलगा पायी रत्नागिरीला गेला, तिथे सोय होईना म्हणून परत आला, मग वऱ्हाडात अकोल्याला नातेवाइकांकडे पोहोचला. कुठे वार लावून जेवायचे, कुठे मिळेल ते काम करायचे, असे करत त्याने मॅट्रिक गाठली. अकोल्याचे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकांनी या हुशार मुलाला हात दिला आणि तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. दौंड-मनमाड लोहमार्ग तेव्हा झालेला नव्हता. वऱ्हाडातून पुण्याला जाणारी रेल्वेची वाट नाशिक, इगतपुरीवरून कसाऱ्याचा थळ घाट उतरून शहापूर तालुक्यातून कल्याणला येई आणि तिथून पुन्हा बोरघाट चढे. ही वाट लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरून आणखी काही येणार आहे.

पुण्यातही हाल संपले नाहीत. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते आणि ती जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. डॉक्टरच्या कानांना ती वेगळी ऐकू येते. अर्धपोटी शरीर, थंडीत अपुरे कपडे, दाटीवाटीच्या खोलीत दिव्याच्या धुराशेजारी रात्रभर वाचन. दमा यातून जन्माला येतोच असे नाही, त्याची मुळे बरीचशी आनुवंशिक असतात. पण ज्याच्यात ती आहेत त्याचा दमा अशा राहणीत बळावतो. विद्यार्थीदशेपासूनच दम्याने आगरकरांची पाठ धरली, ती शेवटपर्यंत.

डेक्कन कॉलेजात त्यांना टिळक भेटले. कॉलेजजवळच्या टेकडीवर फिरताना दोघांचे बेत ठरले: सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. एम.ए. झालेल्या माणसाला तेव्हा चांगल्या पगाराची जागा सहज मिळत असे. घरच्यांच्या साऱ्या आशा या मुलावर होत्या. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले की त्या मार्गाला आपण जाणार नाही, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवणार. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकर परीक्षा आटोपून त्यांना येऊन मिळाले. १८८१च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, संपादक आगरकर. तेव्हा ते २४ वर्षांचे होते.

वर्षभरातच खटला झाला. कोल्हापूरच्या महाराजांना होणाऱ्या वागणुकीवरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने दिवाण बर्वे यांच्यावर टीका केली होती. अब्रुनुकसानीच्या त्या खटल्यात टिळक आणि आगरकर या दोघांना जुलै १८८२मध्ये शिक्षा झाली आणि ऑक्टोबरअखेर ते सुटले. डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. त्यात विनोद आहे, आणि रात्र-रात्र चाललेल्या दोघांच्या चर्चा आहेत. पण महिने बघा: मुंबईतला जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. तुरुंगाच्या भिंतींची ओल, तिच्यावरची बुरशी, कोंदट हवा, सोबत अनेक कैद्यांचा खोकला. दमेकऱ्याला कुठे ठेवू नये, याची यादी केली तर ती अशीच होईल.

दमा म्हणजे नेमके काय होते? आपल्या श्वासनळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या आत आत बारीक होत जातात. दमेकऱ्याच्या बारीक नळ्यांना आतून कायमची थोडी सूज असते. धूळ, धूर, परागकण, बुरशी, थंड हवा किंवा सर्दीचा विषाणू यांपैकी काही लागले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते आणि चिकट कफ भरतो. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतो. म्हणून कालपर्यंत बरा असलेला माणूस आज जिना चढू शकत नाही. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर टाकताना जास्त त्रास होतो. जुनी हवा आत कोंडते, छाती फुगलेली राहते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही.

याच घरातला दुसरा आजार म्हणजे सीओपीडी. दम्यात नळ्या बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत धुराने वर्षानुवर्षे झालेली झीज भरून येत नाही. हा विडी ओढणाऱ्यांचा आजार, असे सरसकट मानले जाते. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांत आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या पन्नाशीच्या बायांना तो गाठतो, कारण लहानपणापासून त्या चुलीपुढे बसलेल्या असतात. त्यात उन्हाळ्यात राब भाजण्याचा धूर, आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांना भट्टीचा धूर. या बायका दवाखान्यात आल्यावर दमा झालाय असे सांगत नाहीत. दम लागतो, कामाला उठवत नाही, वय झाले, असे सांगतात. त्यामुळे निदानच होत नाही, आणि निदान नाही म्हणून त्यांना कोणी जोखमीच्या यादीत धरत नाही.

आगरकरांच्या काळात यावर औषध काय होते? जवळजवळ काहीच नाही. दमा हा मज्जातंतूंचा विकार मानला जाई. इंग्लंडातले डॉक्टर कडक कॉफी सुचवत. धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढायला देत. ही धोतऱ्याची युक्ती तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच मद्रासहून तिकडे गेली होती. तिने नळ्या थोड्या सैल होतात हे खरे, पण धूर तो धूरच, आणि धोतरा विषारी. श्वासावाटे घ्यायच्या औषधाचा हातात मावणारा पंप यायला १९५६ साल उजाडावे लागले. आतली सूज कमी करणारी श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइड औषधे १९७०च्या दशकातली.

अशा छातीवर आगरकरांनी काय काय ओढले ते पाहिले की थक्क व्हायला होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५चे. शिकवणे चालूच. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा मराठी अनुवाद ‘विकारविलसित’, मराठी वाक्यरचनेवरचे पुस्तक आणि आठवड्याचे अग्रलेख. आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, या वादात टिळकांशी बिनसले. १८८७मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ला ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू काही काळ तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. बालविवाह, केशवपन, जातिभेद, सोवळेओवळे, स्त्रियांचे शिक्षण, अगदी स्त्रियांनी जाकीट घालावे की नाही इथपर्यंत त्यांनी लिहिले. सनातनी इतके चिडले की त्यांनी या जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढली. आगरकरांनी लिहिणे थांबवले नाही.

‘सुधारक’ दुसऱ्या वर्षात असताना जगात इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली. १८८९च्या अखेरीस रशियात ती भडकली, रेल्वे आणि आगबोटींनी काही आठवड्यांत युरोपभर पसरली आणि १८९०मध्ये हिंदुस्थानात पोहोचली. (ती साथ इन्फ्लुएन्झाची नसून एखाद्या करोनाविषाणूची असावी, अशी शंका अलीकडे काही संशोधकांनी घेतली आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.) त्या साथीत युरोपातल्या डॉक्टरांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. तापाने माणसे फारशी मरत नव्हती. मरत होती ती मागाहून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि ब्राँकायटिसने, आणि त्यांत म्हातारी व आधीपासून छातीची दुखणी असलेली माणसे जास्त होती.

१८९२ हे साल या गोष्टीत अनेक अंगांनी येते. त्या वर्षी प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. त्याच वर्षी जर्मनीत रिचर्ड फायफर यांनी फ्लूच्या रुग्णांच्या थुंकीत एक जिवाणू पाहिला आणि फ्लूचे कारण सापडले, असे जाहीर केले. आणि त्याच वर्षी विल्यम ऑस्लर यांचे वैद्यकशास्त्राचे जगप्रसिद्ध पाठ्यपुस्तक निघाले.

फायफर चुकले होते. फ्लू विषाणूने होतो आणि माणसातला तो विषाणू १९३३मध्ये लंडनला सापडला. तरी फायफरच्या जिवाणूच्या नावात इन्फ्लुएन्झा हा शब्द आजही चिकटून आहे: हिमोफिलस इन्फ्लुएन्झा. पण त्यांच्या चुकीत एक सत्य दडलेले होते. फ्लूचा विषाणू श्वासनळ्यांचे आतले अस्तर सोलून काढतो. कफ वर ढकलणारे बारीक केस तिथे असतात, तेही त्याबरोबर जातात. मग घशात एरवी गुपचूप राहणारे जिवाणू मोकळ्या झालेल्या जागेत उतरतात. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस आणि हाच फायफरचा जिवाणू. विषाणू दार उघडतो, दरोडा जिवाणू घालतात. दमेकऱ्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाच्या नळ्यांत कफ आधीच साचलेला असतो आणि ते केस आधीच थकलेले असतात, त्यामुळे जिवाणूंचे काम आणखी सोपे होते. शिवाय विषाणूने सूज वाढते, नळ्या आवळतात, श्वासाचे स्नायू दिवस-रात्र राबून थकतात. रक्तात प्राणवायू कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगू लागतो. हृदयावर ताण येतो तो वेगळाच.

ऑस्लर यांच्या पुस्तकात दम्याबद्दल दोन गोष्टी होत्या. बारीक नळ्यांना सूज असते, हे त्यांनी नोंदवले होते आणि ते काळाच्या पुढचे होते. दुसरी गोष्ट तेव्हाच्या समजुतीची: दम्याच्या झटक्यात माणूस दगावत नाही, धापा टाकत का होईना तो म्हातारा होतो. आपल्याकडेही दमा दमाबरोबरच जातो, असे म्हणतात. म्हणजे त्रास देईल, पण मारणार नाही. या समजुतीने किती घरांत डॉक्टरकडे जायला उशीर होतो, ते सांगायला नको. स्वतः ऑस्लर यांची छातीही नाजूक होती. सर्दी झाली की त्यांना ब्राँकायटिस होई. १९१९च्या शरद ऋतूत असेच आजारी पडले, न्यूमोनिया झाला, छातीत पू झाला, आणि २९ डिसेंबरला त्या काळचा सर्वांत नामांकित डॉक्टर त्यातून वाचू शकला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे काय झाले होते, ते जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. जून १९१८मध्ये फ्लू मुंबईच्या बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या, कितीतरी जहाल लाटेने परतला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून तो रेल्वेने आत गेला, कल्याणहून कसारा घाट चढून नाशिककडे आणि बोरघाट चढून पुण्याकडे. ज्या वाटेने आगरकर शिकायला गेले असावेत, तीच ही वाट. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग. मुंबई इलाख्यातच त्या साथीत दहा लाखांच्या आसपास माणसे गेली. तेव्हा तरणीताठी माणसेही मेली, पण नेहमीच्या वर्षी येणारा फ्लू तसा नसतो. तो निवड करतो: म्हातारे, तान्ही मुले, गरोदर बाया, मधुमेही आणि छातीचे रुग्ण.

आगरकरांपाशी नसलेल्या गोष्टी आज शहापूर-मुरबाडपर्यंत पोहोचल्या आहेत. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. ती टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळा तोंडावर असतानाच घेतलेली बरी. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण रुग्णालयात जाण्याची आणि जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. दमेकऱ्यांनी दंडात टोचायची लस घ्यावी, नाकात फवारायची नव्हे. सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या तक्त्यात मोठ्यांसाठी ती नाही, खासगीत पैसे पडतात. भट्टीवर मजुरी करणाऱ्या घराला ते परवडत नाही, हे मला मोठे वैगुण्य वाटते. जोखमीच्या रुग्णांना तरी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी. न्यूमोकॉकसविरुद्धची लसही याच रुग्णांसाठी असते.

पंपाचे दुसरेच दुखणे. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, असे समजून लोक तो टाळतात आणि त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी सुई टोचून घेतात. त्या सुईत बहुतेकदा स्टेरॉइड असते, पंपापेक्षा कितीतरी जास्त मात्रेत आणि साऱ्या शरीरात जाणारे. रोजचा सूज कमी करणारा पंप बरे वाटते म्हणून जूनमध्ये बंद केला आणि ऑगस्टमध्ये फ्लू झाला, तर पुढचे आठ दिवस फार कठीण जातात. अशा रुग्णाला ताप-खोकला सुरू झाला की पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा. फ्लूवरचे ओसेल्टामिविर हे औषध तेव्हाच सर्वांत जास्त उपयोगी पडते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. जिवाणू मागाहून आला, तरच त्याची गरज. तो आल्याची एक ठळक खूण आहे: ताप उतरतो, माणूस उठून बसतो आणि दोन दिवसांनी ताप पुन्हा चढतो, कफ घट्ट व रंगीत होतो. एका दमात वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये. डोळखांब किंवा टोकावडेच्या आतल्या पाड्यावरून पावसात, रात्री शहापूर किंवा मुरबाडच्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो. म्हणून १०८ला फोन करण्याचा निर्णय उजेड असतानाच घ्यावा लागतो.

आगरकरांना असा कोणताही निर्णय घ्यायला वाव नव्हता. प्राचार्यपदाची तीन वर्षे त्यांनी दम्याशी झुंजत काढली. देवधर्मावर विश्वास नसलेल्या या माणसाने पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांना कधी आडकाठी केली नाही. घरात पैसा साठला नव्हता आणि आपले दिवस फार उरलेले नाहीत, हे त्यांना कळून चुकले होते. १७ जून १८९५ला ते गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. टिळकांनी वैर विसरून ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. फर्ग्युसनचे प्राचार्यपद त्यांच्यानंतर महादेव शिवराम गोळे यांच्याकडे गेले.